'होता', 'आहे' की 'असतो'? कथापात्रांच्या नोंदी कोणत्या काळात लिहायच्या?

नोंदकार
मुलांच्या वाचनालयासाठी मराठी कथापात्रांचा छोटा कोश करायला घेतला आहे आणि पहिल्याच नोंदीला अडलो आहे. मी लिहिलं होतं : "बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा होता." मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी 'होता'खाली लाल रेघ मारून समासात विचारलं, "आता नाही का?" दुसऱ्या सहकाऱ्याने सगळीकडे 'असतो' केलं. "बनेश हा फुरसुंगीचा मुलगा असतो" हे माझ्या कानाला बोचतं. 'आहे' केलं की पुढे "तो पुण्यात शिकतो" येतं आणि आज चौकशी केली तर भेटेल असं वाटतं. त्यात फुरसुंगी खरी. २०१७ मध्ये ती पुणे महापालिकेत गेली आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात बन्या शाळकरी न राहता तरुण झाला. तर नोंदीत त्याला कोणत्या काळात ठेवू?

तळटीप
यात तीन थर आहेत, ते वेगळे केले की गुंता बराच सुटतो. पुस्तकाबाहेरचं सगळं भूतकाळात : भा. रा. भागवतांनी लिहिलं, मालिका आली, चित्रपट आला. पात्र कोण, याला 'आहे'. गोष्टीत काय घडतं, याला साधा वर्तमान, कारण पुस्तक उघडाल तेव्हा ते घडतं. इंग्रजी विकिपीडियावर कथानकासाठी हाच दंडक आहे. शेरलॉक होम्सचं पाहा. डॉयलने १८९३ मध्ये त्याला राइखेनबाखच्या धबधब्यात पाडलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. मधल्या दहा वर्षांत कोणी "होम्स हा गुप्तहेर होता" असं लिहून ठेवलं असतं, तर १९०३ मध्ये खोडावं लागलं असतं. 'आहे' दोन्ही वेळा टिकतं.

गोदाकाठ
इंग्रजीचा दंडक मराठीने का पाळावा? आपल्याकडे गोष्ट 'होता'नेच सुरू होते. "आटपाट नगर होतं." "एक होता कावळा, एक होती चिमणी." तेव्हा कोणी विचारत नाही की कावळा आता नाही का. मराठी कानाला 'होता' म्हणजे मेला असं वाटत नाही, गोष्ट सुरू झाली असं वाटतं. 'एक राजा असतो' हे माझ्या मते हिंदी सिनेमाने आणलं. 'एक लड़का होता है' ऐकून ऐकून आपण 'एक मुलगा असतो' म्हणू लागलो. माझ्या आजीच्या तोंडी हे कधी ऐकलं नाही.

आजोळ
गोदाकाठ, तुमच्या आजीचं खरं असेल, पण माझ्या आजीचं ऐका. ती सावंतवाडीकडची. हिंदी सिनेमा तिने जन्मात पाहिला नाही. जत्रेत रात्रभर दशावतार बघून आली की सकाळी चुलीपुढे बसून आम्हाला सांगायची, "मगे संकासुर येता, वेद घेवन पळता..." सगळं वर्तमानात. तीच आजी श्रावणात कहाणी वाचताना मात्र "आटपाट नगर होतं" म्हणायची. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला खेळ सांगायचा काळ वेगळा आणि ऐकत आलेल्या गोष्टीचा वेगळा. दोन्ही घरचेच.

विंगेतून
आजोळ म्हणतात तेच नाटकाच्या छापील प्रतीत दिसतं. "पडदा पडतो." "सिंधू आत जाते." रंगसूचना कधी भूतकाळात नसते, कारण प्रयोग उद्याही व्हायचा असतो.
पण तळटीप यांच्या दंडकात मराठीची एक अडचण आहे. इंग्रजीत काळ बदलला तर क्रियापद तेवढं बदलतं. आपल्याकडे सगळं वाक्य हलतं. "बन्याने चोर पकडला" मध्ये क्रियापद चोराप्रमाणे चालतं, "बन्या चोर पकडतो" मध्ये बन्याप्रमाणे. म्हणून एका परिच्छेदात दोनदा काळ बदलला की मराठी वाचक अडखळतो.
शिवाय काही क्रियापदं वर्तमानात उभीच राहत नाहीत. 'एकच प्याला'च्या शेवटाबद्दल लिहिताना "सिंधू वारते" लिहून पाहा. 'वारली' हा शब्द झाल्यावरच बोलायचा आहे. "मरते" फार रोकडं, "मरण पावते" त्यातल्या त्यात बरं.

दीर्घिका
एक बाजू राहिली. स्टार ट्रेक आणि स्टार वॉर्सचे चाहते जे कोश चालवतात, मेमरी अल्फा आणि वूकीपीडिया, तिथे कथेतल्या गोष्टी मुद्दाम भूतकाळात असतात. मेमरी अल्फाची कल्पना अशी, की नोंद लिहिणारा त्या जगातलाच कोणी दूरच्या भविष्यातला दप्तरदार आहे. त्याच्या लेखी सगळं घडून गेलेलं. म्हणजे लिहिणारा कुठे उभा आहे हे आधी ठरवायला हवं. नोंदकार, तुम्ही फुरसुंगीत उभे आहात की वाचनालयात?

नोंदकार
वाचनालयात, अर्थात. पण मुलांना हात धरून फुरसुंगीपर्यंत नेणं हाच कोशाचा हेतू आहे.

तळटीप
मग 'आहे'. आत नेणाऱ्याने दारातच "होता" म्हणू नये.

आजोळ
कोशात कर्ण घेणार असाल तर? "कर्णाने कवचकुंडलं दिली" असंच आपण बोलतो. "देतो" म्हटलं तर कीर्तन चालू आहे असं वाटतं.

तळटीप
महाभारतातल्या कर्णाला भूतकाळ, 'मृत्युंजय'मधल्या कर्णाला वर्तमान. कादंबरीत कर्ण, कुंती, शोण, वृषाली आपापली कथा सांगतात, तेव्हा "कर्ण सांगतो" हेच बरोबर.

गोदाकाठ
एकाच माणसाला दोन काळ! हे मला पटत नाही. आपल्या संतांनीसुद्धा स्वतःला भूतकाळातच ठेवलं. 'तुका म्हणे' म्हणजे तुका म्हणत असे. 'जाई', 'करी' तसंच 'म्हणे'. रीतिभूतकाळ.

विंगेतून
नाही हो, गोदाकाठ. इथे मला ठामपणे बोलायचं आहे. 'म्हणे', 'करी', 'जाय' हा जुन्या मराठीचा वर्तमानकाळ. संस्कृत 'करोति', प्राकृत 'करइ', त्यातून 'करी'. पुढे 'करतो' रूढ झालं आणि जुन्या रूपाच्या वाट्याला 'करीत असे' हा अर्थ आला. तुकोबा "म्हणतो" म्हणताहेत, आत्ता, तुमच्यासमोर. अभंग म्हणताना तो काळ भूतकाळ धरला तर शेवटचं चरण थंड पडतं.

आजोळ
वा! लहानपणापासून म्हणत आले आणि हे माहीत नव्हतं. मग "तो आजारी आहे म्हणे" मधला 'म्हणे' हाच का?

विंगेतून
रूप तेच. कर्ता गळला आणि 'लोक म्हणतात' एवढा अर्थ उरला.

गोदाकाठ
प्राकृताचं मान्य. पण आज वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ उमटतो त्याचं काय? शाळेत आम्हाला रीतिभूतकाळ म्हणूनच शिकवलं.

विंगेतून
'तो जाई' साठी बरोबर शिकवलं. अभंगासाठी नाही.

नोंदकार
पुन्हा नोंदीकडे येतो. आता असं केलं आहे : "फास्टर फेणे हे भा. रा. भागवतांनी निर्माण केलेलं पात्र आहे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा. पुण्यात शिकतो. सायकल भरधाव चालवतो. २०१७च्या चित्रपटात तो तरुण दाखवला आहे." दुसऱ्या वाक्यात क्रियापदच ठेवलं नाही. हे पळवाट वाटतं का?

आजोळ
विंगेतून, अजून एक विचारते. घरच्या जुन्या पोथीत काही ठिकाणी 'म्हणें' असा अनुस्वार आहे. तो छापणाऱ्याचा हात की वेगळं रूप?

विंगेतून
वेगळं रूप असू शकतं. 'मी म्हणें' प्रथमपुरुषी, 'तो म्हणे' तृतीयपुरुषी. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि असे भेद डोळ्यांआड झाले. ओवी इथे टंकून द्या, कर्ता बघून सांगतो.