अरब देशातली क्रांती फेसबुकने झाली की टीव्हीने? सेमिनार आहे, मदत पाहिजे

खानापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी बी.ए. शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिता विषय, रोज खानापूरहून बेळगावला येऊन-जाऊन करते. पुढच्या गुरुवारी सेमिनार आहे आणि मला विषय आलाय अरब देशातली जुनी आणि नवी माध्यमं. मराठीत शोधून शोधून दमले, काहीच धड मिळेना.

२०११ ला ट्युनिशिया, इजिप्त वगैरे देशात लोक सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरले ना, आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की ती २०११ ची क्रांती म्हणजे फेसबुक क्रांती. मी तेच लिहून काढलं आणि मामाला वाचून दाखवलं, माझा मामा कतारमध्ये दोहाला १८ वर्षं झाली कॅटरिंगच्या किचनमध्ये आहे, तर तो म्हणाला अगं फेसबुक कुणाकडं होतं तेव्हा, आमच्या कॅम्पात सगळे अरबी लोक रात्रभर टीव्हीसमोर बसून असायचे. आता सरांचं खरं मानू की मामाचं?

आणि अजून एक, सेमिनारला एक मॅडम हमखास विचारतात की बेळगावात बसून याचा आपल्याला काय संबंध. त्याला काय उत्तर देऊ? कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

निपाणी_ते_कुवेत

पोरी, तुझा मामा बरोबर सांगायलाय, पण सर पण पूर्ण चुकीचे नाहीत. मी १३ वर्षं कुवेतला एसीच्या कामावर होतो, आमच्या रूममध्ये आम्ही दोघं निपाणीचे, एक केरळचा आणि दोघं मिसरी म्हणजे इजिप्तचे. जे डोळ्यानं बघितलं तेवढंच सांगतो.

जानेवारी २०११ ला त्या दोघांपैकी जो अलेक्झांड्रियाचा होता त्याची झोप उडाली होती. २८ तारखेला त्यांच्या सरकारनं अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं, मोबाईल पण बंद, ते पार २ फेब्रुवारीपर्यंत नेट नव्हतं. मग फेसबुक कुठनं चालणार? पण लोक काय घरी गेले नाहीत, उलट वाढले. घरची लँडलाईन तेवढी चालू होती, हा रोज कार्ड घालून आईला फोन लावायचा. तिकडं त्यांचा सरकारी टीव्ही नाईल नदीवरचा पूल दाखवायचा, शांत, गाड्या निवांत चालल्यात, आणि आमच्या रूममधल्या टीव्हीवर अल जझीरा म्हणजे कतारचं अरबी बातम्यांचं चॅनेल लावलं की कैरोतल्या तहरीर चौकात माणसांचा समुद्र. एकच शहर, एकच दिवस. आई म्हणायची टीव्हीवर तर काय दिसत नाही रे, आणि हा इकडनं कुवेतवरनं तिला तिच्याच देशात काय चाललंय ते सांगायचा.

मग ३० तारखेला सरकारनं कैरोतलं अल जझीराचं ऑफिस बंद केलं आणि नाईलसॅटवरनं त्यांचं चॅनेल काढलं. नाईलसॅट म्हणजे इजिप्तचा स्वतःचा उपग्रह, तिकडं घराघरावरच्या डिश त्याच्याकडंच तोंड करून असतात. तेव्हा ते लोक स्क्रीनवर नवीन फ्रिक्वेन्सी द्यायचे आणि दुसऱ्या काही अरबी चॅनेलवाल्यांनी आपले कार्यक्रम थांबवून त्यांचं प्रक्षेपण दाखवलं. आमचा मिसरी ते आकडे कागदावर लिहून घ्यायचा आणि फोनवर भावाला सांगायचा, भाऊ गच्चीवर जाऊन डिश फिरवायचा. हे मी स्वतः ऐकलंय. ११ फेब्रुवारीला त्यांचा राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाला त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कोण झोपलं नाही, मला अरबी पन्नास शब्द येत असतील पण मी पण रडलो त्यांच्याबरोबर.

टिळकवाडीकर

निपाणीकरांनी फारच मोलाचं लिहिलंय. मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. बेटा, सेमिनारची सुरुवात २०११ पासून करू नकोस, मागे जा.

१९५३ मध्ये कैरोहून 'सौत अल-अरब' म्हणजे 'अरबांचा आवाज' हे रेडिओ प्रसारण सुरू झालं. इजिप्तचे नेते नासर यांचं भाषण कैरोत व्हायचं आणि येमेनमधला निरक्षर शेतकरीसुद्धा ते ऐकायचा, कारण रेडिओला अक्षरओळख लागत नाही आणि ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होते. वेगवेगळ्या देशांत विखुरलेले लोक एका भाषेमुळे एकाच वेळी एकच गोष्ट ऐकू लागले, म्हणजे सामायिक अरब श्रोता पहिल्यांदा तयार झाला तो रेडिओने. पण मग जून १९६७ चं इस्रायलशी युद्ध आलं. पहिल्याच सकाळी इजिप्तची विमानं धावपट्टीवरच जळून गेली होती, आणि रेडिओ मात्र आपण शत्रूची किती विमानं पाडली ते मोजून सांगत होता. लोकांनी विश्वास ठेवला, रस्त्यावर येऊन जल्लोष केला. काही दिवसांनी खरं कळलं. स्वतःच्या भाषेतल्या, स्वतःच्या माणसाच्या आवाजावर बसलेला तो घाव फार खोल होता, पुढे कित्येक वर्षं खरी बातमी हवी असली की अरब माणूस बीबीसीची अरबी सेवा लावायचा.

वर्तमानपत्रांचं बघ. 'अल-अहराम' १८७६ चं, काढलं दोन लेबनीज भावांनी, अलेक्झांड्रियात. नासर यांच्या काळात आणि नंतरही काही वर्षं हैकल तिथे संपादक होते, १९५७ ते १९७४, त्यांचा शुक्रवारचा लेख वाचून इतर देशांचे राजदूत नासरच्या मनात काय आहे ते ताडायचे. पत्रकार एवढा मोठा, पण तो मोठेपणा सत्तेच्या जवळ असण्यातून आलेला. आणि ज्यांना जवळ जायचं नव्हतं किंवा ज्यांच्या देशात युद्ध पेटलं ते गेले लंडनला. 'अश-शर्क अल-अवसत' १९७८ ला लंडनमध्येच निघालं, हिरव्या कागदावर. 'अल-हयात' मूळ बैरूतचं, त्याच्या संस्थापकाचा १९६६ मध्ये खून झाला, लेबनॉनच्या यादवीत ते बंद पडलं आणि १९८८ ला लंडनमधून पुन्हा सुरू झालं. अरबी पेपर, वाचक अरब, छपाई परदेशात आणि पैसा बहुतेक सौदी.

आता अल जझीरा. बीबीसीने एका सौदी कंपनीबरोबर अरबी टीव्ही काढला होता, सौदी अरेबियावरच्या कार्यक्रमावरून बिनसलं आणि एप्रिल १९९६ मध्ये तो बंद पडला. तिथले शिकलेले-सवरलेले बरेच पत्रकार रिकामे झाले आणि कतारच्या अमीरांनी ५० कोटी रियाल देऊन दोहाला चॅनेल काढलं तिथे ते गेले. सुरू झालं ती तारीख १ नोव्हेंबर १९९६. बेळगावच्या माणसाला १ नोव्हेंबर सांगावा लागत नाही, बेळगाव महाराष्ट्राबाहेर गेलं त्याच्या निषेधाचा काळा दिन, सायकल फेरी, मी स्वतः त्या दिवशी शाळकरी असल्यापासून फेरीत चालत आलोय. योगायोगच आहे, पण मला ती तारीख वाचताना दरवेळी थांबायला होतं.

आणि तुझ्या त्या मॅडमचा प्रश्न. त्यांना सांग की आपली भाषा एका राज्यात आणि आपलं घर दुसऱ्या राज्यात असलं म्हणजे बातमीचं काय होतं ते बेळगावइतकं कुणाला कळणार. आपण मराठी चॅनेल बघतो ते मुंबईहून येतं. सीमेवर एस.टी. बसगाडीला काळं फासलं की आपण दोन दिवस दिसतो, मग पुढच्या वेळेपर्यंत नाही. आपल्या शाळा, आपल्या सातबाऱ्याची भाषा, खानापूरच्या जंगलातल्या वाड्या, हे तिथल्या संपादकाच्या टेबलावर पोचत नाही, आणि पोचलं तरी तो म्हणतो आमच्या प्रेक्षकाला यात काय. ट्युनिशियाच्या ट्युनिस किंवा येमेनच्या सनामध्ये बसून दोहाचं चॅनेल बघणाऱ्याला हाच अनुभव आहे. भाषा त्याची असते, पण बातमी कुठली घ्यायची ते ठरवणारा दुसऱ्या गावचा.

शहापूरचा_माग

सर छान लिहिलंत, पण एक राहिलं. मालक कोण ते विचारल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

अल जझीराने इजिप्त, ट्युनिशिया, लिबिया पोटतिडकीने दाखवलं. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरीनमध्ये पण लोक चौकात बसलेले, १४ मार्चला सौदीचं सैन्य तिकडं घुसलं. अरबी चॅनेलवर त्याला तेवढी जागा मिळाली नाही, कारण बहरीन म्हणजे कतारच्या शेजारच्या राजाचं घर. आणि समोर अल अरबिया, २००३ ला दुबईत काढलेलं, सौदी पैशाचं, त्यांचं गाणं बरोबर उलट्या सुरात. तिकडचा प्रेक्षक दोन्ही लावतो आणि मधलं काय ते आपलं आपण काढतो. २०१७ ला सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा १३ मागण्या दिल्या त्यात एक सरळ होती की अल जझीरा बंद करा. एवढी भीती चॅनेलची.

खानापूरची_लेक

बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार, मी सगळं वहीत उतरवून घेतलं. निपाणीचे काका तुमची डिशची गोष्ट मी सांगू का सेमिनारला, नाव न घेता? आणि एक शंका, मग फेसबुकचं काहीच नाही का? आणि आता कसं आहे, गाझाचे व्हिडिओ तर आम्ही सगळे फोनवरच बघितले.

निपाणी_ते_कुवेत

सांग की, खुशाल सांग.

अनगोळची_ताई

फेसबुकचं आहे गं, खूप आहे, फक्त एकट्याचं नाही. ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीदला बुअझिझीने स्वतःला पेटवून घेतलं, फळं विकणारा २६ वर्षांचा मुलगा, त्या दिवशीचं आंदोलन त्याच्या एका नातेवाइकाने फोनवर शूट करून फेसबुकवर टाकलं. तिकडं यूट्यूबवर बंदी होती पण फेसबुक चालू होतं. आणि अल जझीराला ट्युनिशियात ऑफिसच उघडू देत नव्हते, म्हणजे त्यांच्याकडं कॅमेरा नव्हता. त्यांनी तो व्हिडिओ उचलला आणि टीव्हीवर लावला, मग तो ज्या आजीकडं फोन पण नाही तिच्यापर्यंत गेला. फोनवाल्या पोराशिवाय चॅनेलकडं चित्र नव्हतं आणि चॅनेलशिवाय पोराकडं बघणारं गाव नव्हतं. २८ दिवसात तिथला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. तुझे सर आणि मामा दोघांना ही एकच गोष्ट सांग.

अजून एक मला फार आवडतं उदाहरण. सप्टेंबर २०१० मध्ये व्हाईट हाऊसमध्ये पाच नेते चालत होते, ओबामा पुढे, मुबारक मागे एका कडेला. अल-अहरामने फोटोत फेरफार करून मुबारकना सगळ्यात पुढे आणलं आणि छापलं. एका इजिप्शियन ब्लॉगरने खरा फोटो शेजारी ठेवून दाखवला आणि जगभर गाजलं. पूर्वी असे फोटो छापले नसतील असं थोडंच आहे, पण पकडणारा वाचक नवीन होता. आणि मुबारक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच अल-अहरामचा मथळा होता, जनतेने राजवट उलथवली.

पण नव्या माध्यमावर आंधळा विश्वास पण नको. कैरोतली 'मदा मस्र' ही वेबसाइट २०१३ ला काही तरुण पत्रकारांनी काढली, चांगलं शोधकाम करतात, मे २०१७ पासून इजिप्तमध्ये ती ब्लॉक आहे. सौदी पत्रकार जमाल खशोगींचा २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला. ट्विटरमधल्याच दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदीसाठी लोकांच्या खात्यांची माहिती काढल्याचा आरोप झाला आणि त्यातला एक २०२२ ला अमेरिकेत दोषी ठरला. म्हणजे ज्या फोनवर मोकळं बोलायचं तोच फोन ऐकतो.

भाषेचा मुद्दा पण घे सेमिनारमध्ये, कुणी घेत नाही. अरबीत बातम्यांची भाषा म्हणजे फुसहा, शुद्ध, पुस्तकी, आणि घरात प्रत्येक देशाची वेगळी बोली, मोरोक्कोचा माणूस घरच्या बोलीत भरभर बोलला तर इराकवाल्याला समजणं कठीण. टीव्हीने फुसहा सगळ्यांच्या कानावर पाडली म्हणून एक प्रेक्षक झाला. फोन आला तसं लोक आपापल्या बोलीत बोलायले. मी स्वतः गावातल्या बातम्यांचे छोटे व्हिडिओ करते, पहिल्यांदा पुण्याच्या निवेदिकेसारखं बोलायचे, कुणी बघायचं नाही. मग एकदा 'काय करालेत बगा' म्हणून आपल्या बेळगावी मराठीत बोलले, कानडी शब्दांसकट, तेव्हा अनगोळ, वडगाव, येळ्ळूरचे लोक फोन करायला लागले. पण कोल्हापूरच्या पुढं कुणाला कळेना. दोन्ही कसं सांभाळायचं हे अजून मला सुटलेलं नाही, त्यांना तरी कुठं सुटलंय.

गाझाबद्दल. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायल बाहेरच्या पत्रकारांना तिथं स्वतंत्रपणे जाऊ देत नाही. म्हणून जे बघितलंस ते तिथल्याच माणसांनी काढलेलं, इन्स्टाग्रामवरच्या विशीतल्या पोरापोरींनी आणि वायेल दहदूहसारख्या जुन्या टीव्ही पत्रकारांनी. त्या दहदूहना २५ ऑक्टोबर २०२३ ला काम चालू असताना कळलं की बायको, मुलगा, मुलगी हल्ल्यात गेले, आणि ते दुसऱ्या दिवशी परत कॅमेऱ्यासमोर उभे होते. पॅलेस्टाइनमध्ये जेनिनला मे २०२२ मध्ये बातमी घेताना गोळी लागून पत्रकार शिरीन अबू अक्ले गेल्या त्या १९९७ पासून अल जझीरावर होत्या, अरब घरांमध्ये लहान मुली आरशासमोर माईक धरल्यासारखं करून त्यांची नक्कल करत मोठ्या झाल्या. तिथं जुनं माध्यम आणि नवं माध्यम असा फरक करायला मला जीभ वळत नाही, दोघांच्या अंगावर तेच 'प्रेस' लिहिलेलं निळं जाकीट.

टिळकवाडीकर

ताई, फार चांगलं. लेकी, एक दुरुस्ती कर, वहीत 'अरब क्रांती' एकवचनी लिहू नकोस. ट्युनिशिया, इजिप्त, सीरिया, येमेन, प्रत्येकाची माध्यमं वेगळी आणि शेवटही वेगळा.

खानापूरची_लेक

हो सर, बदलते. आत्ताच मामाचा व्हॉइस मेसेज आला, त्याला हे सगळं वाचून दाखवलं होतं. त्याच्या किचनमध्ये एक ट्युनिशियाचा शेफ आहे, तो म्हणे सिदी बूझीदजवळचाच. मामा म्हणतो रविवारी सुट्टीला त्याला फोनवर बसवतो, मी हिंदीत विचारणार आणि मामा अरबीत करून देणार. कुणाला काही विचारायचं असेल तर शनिवारपर्यंत इथं लिहा, मी विचारते.

शहापूरचा_माग

त्याला विचार, आता घरी बातमी बघायला काय लावतो.