कॅन्यनची पायवाट: चिखल, चर आणि बारमाही भटकंती

विषय: शनिवारचं श्रमदान

मंडळी, नमस्कार.
येत्या शनिवारी सकाळी भटकंती गटातर्फे कॅन्यनच्या ट्रेलवर श्रमदान आहे. ट्रेल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी मिळाली आहे, अवजारंही तेच देणार आहेत. बंद बूट, हातमोजे आणि पाणी आपापलं. पोरंसोरं चालतील.
– सचिव

उत्तर:
जरूर येते. पण दुसऱ्या वळणापुढच्या चिखलाचं काय? लोकांनी कडेकडेनं जाऊन वाट पार तिप्पट रुंद करून ठेवलीय. तिथे खडी ओतू या का? फांद्याही तोंडावर येतात, त्या एकदाच छाटून टाकू. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात नि थंडीत तिकडे कोण फिरकतं? दोन महिन्यांच्या हौसेसाठी एवढा खटाटोप कशाला?
– मीना

उत्तर:
मीनाताई, खडी ओताल तर पुढच्या पावसात ती खाली ओढ्यात सापडेल. त्या चिखलाचं मूळ थोडं वर आहे. पाणी वाटेबाहेर काढणारा चर गाळानं भरलाय. भर पावसात उभं राहून बघा: पाणी चराच्या तोंडाशी येतं, गाळाला अडतं, वळतं आणि वाटेवरूनच धावत सुटतं. फावड्यानं ते तोंड मोकळं करायचं. निघालेला गाळ कडेला रचायचा नाही, लांब फेकायचा, नाहीतर त्याचाच बांध होतो.

दुसरं, वाटेला दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के उतार ठेवतात. मीटरभर रुंदीला ५ सेंटीमीटर. आपल्या पायांना पत्ता लागत नाही, पाण्याला बरोबर लागतो. पावलांनी मधला भाग दबतो, बाहेरची कड उंच होते आणि वाटेचीच पन्हळ बनते. ती कड अधूनमधून खरवडावीच लागते. रुंद झालेल्या भागावर वाळक्या फांद्या पसरून तो बंद करू. चिखल असला तर मधूनच चालायचं, बूट धुता येतात! नागमोडी वळणं तोडून सरळ उतरणाऱ्यांना तर मी तोंडावर टोकतो. त्यांच्या शॉर्टकटचा पहिल्या पावसात ओहोळ होतो.

छाटणी आत्ता नको, पक्ष्यांची घरटी आहेत. पानगळीनंतर करू. अवजारांत एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं पुलास्की असेल. १९१० च्या अमेरिकेतल्या मोठ्या वणव्यात आपल्या बहुतेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचं नाव त्याला आहे. नवख्यांच्या हाती देऊ नका.

राहिला प्रश्न कोण फिरकतं याचा. मी फिरकतो की! उन्हाळ्यात पहाटे जायचं आणि ऊन चढायच्या आत वर यायचं. कॅन्यनमध्ये डोंगराच्या उलटा हिशोब: आधी उतार, दमल्यावर चढ. परतीला दुप्पट वेळ धरा, पाणीही त्या मानानं राखा. वादळी हवेत मात्र तळाशी जाऊच नका. डोक्यावर निळं आभाळ असतं, पाऊस वरच्या खोऱ्यात कुठेतरी लांब पडतो आणि लोंढा आपल्यावर येतो. ओढा एकाएकी गढूळ झाला, काटक्या वाहत आल्या, तर सामान टाकून उंचावर चढायचं.

थंडीत उन्हाची बाजू कोरडी, सावलीत मात्र बर्फाचा पातळ थर, तेव्हा बुटांना लावायचे काटे सोबत हवेत. भेगांतलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि दगड सुटतात. कड्याखाली रेंगाळू नका. पण पानं गळली की समोरच्या भिंतीवरचे खडकांचे थर वरपासून तळापर्यंत जसे उघडे पडतात, तसे एरवी दिसत नाहीत. एकदा याच.
– नाना

उत्तर:
ठरलं तर. शनिवारी फक्त चर आणि बाहेरची कड, छाटणी पानगळीनंतर. मीनाताई, दुसऱ्या वळणावरची टोळी तुमच्याकडे. नाना, पुलास्की तुमच्याकडे.
– सचिव

उत्तर:
चालेल. काटेवाले बूट आत्ताच घेऊन ठेवू का, नाना?
– मीना

उत्तर:
बूट आहेत तेच राहू देत. काटे वरून चढवता येतात.
– नाना