घरच्यांना घेऊन गाणं ऐकायला: खान्देशकरांचा अनुभव धागा

राम राम मंडळी. भरताची वांगी बाजारात आली की आपल्याकडे शेतातल्या भरीत पार्ट्या आणि गाण्याचे कार्यक्रम एकदमच सुरू होतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, जानेवारीच्या सुरुवातीला जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव, फाल्गुनात नंदुरबारकडच्या काठी गावची होळी. म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असली की तयारी वेगळी लागते. काय न्यावं, कुठं बसावं, काय बिघडतं आणि का, ते नेमकं लिहा. ‘मजा येते’ एवढ्यावर थांबू नका.

साउंडच्या कामातला, जळगाव

मैदानात पुढची रांग मानाची असली तरी कानाला वाईट. बेसचे खोके जमिनीवर असतात आणि त्यांचा दणका पहिल्या रांगेच्या छातीवर बसतो. गायकाचे शब्द ज्या वरच्या स्पीकरमधून येतात, ते मागच्या लोकांकडे रोखलेले असतात. म्हणून पुढे बसलेल्याला दणका जास्त, शब्द कमी.

सोपा हिशोब सांगतो. दोन बाजूंच्या स्पीकरमध्ये 12 मीटर अंतर असेल, तर स्टेजपासून 12 ते 15 मीटरवर, बरोबर मधोमध बसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून 5 मीटरवरचं बाळ 20 मीटरवर नेलं, तर 12 डेसिबल कमी. एवढ्यानं रडणं थांबतं. कानात कापसाचा बोळा घालून फारसा उपयोग नाही, कापूस आवाज अडवत नाही. लहानग्यांसाठी कानावर बसणारे इअरमफ घ्या. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर ती जागा पोरांची नाही.

मंडपाची बाजू पत्र्याची असेल तर पत्र्यालगत बसू नका. आवाज आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात.

वेळेचंही लक्षात ठेवा. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा कार्यक्रम त्या दिवसांत आहे का ते आधी विचारा. नसेल तर मुख्य गायक साडेआठच्या आसपासच बसतो. ‘जेवून निघू’ म्हणणाऱ्या घराला नुसती भैरवी मिळते.

डफवाला, वहीगायन मंडळ

थंडीत वही, म्हणजे डफावरची आपली लोकगाणी, ऐकायला आलात आणि सुरुवातीला वेळ लागला तर उठू नका. दव पडलं की डफाचं चामडं ओल धरतं, सैल पडतं. मग टण्ण आवाजाऐवजी ढप्प येतो. त्यासाठी डफ शेकावा लागतो. शेकोटीपासून हातभर लांब धरायचा, सारखा फिरवायचा आणि मधूनमधून बोटाची टिचकी मारून बघायची. घाई करून जाळाजवळ धरला तर कडेचं चामडं आधी आकसतं आणि तिथंच चीर जाते. एकदा चीर गेली की त्या रात्रीचा डफ संपला. पोरांना हे जरूर दाखवा, फक्त वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं करा, नाहीतर ठिणग्या अंगावर येतात.

नाट्यगृहातही तेच. तबलजी हातोडीनं गट्ठे ठोकतो, तंबोरा जुळवतो, त्यात पाच-दहा मिनिटं जातात. ती वाया जात नाहीत, पुढच्या दोन तासांचा सूर तिथंच ठरतो. पोरांना लघवीला नेऊन आणायचं ते तेवढ्यात.

भुसावळच्या काकू

दुपारी शेतात भरीत आणि संध्याकाळी कार्यक्रम असा बेत असेल, तर भरीत चारच्या आत उरकलं पाहिजे. दहा माणसांना 3 किलो वांगी पुरतात. आपली फिकट हिरवी, मोठी भरताची वांगीच घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच वांग्याला. आकाराच्या मानानं हलकं लागेल ते घ्यावं, जड वांग्यात बिया फार. देठाजवळ भोक दिसलं तर बाजूला ठेवा, आत अळी असते. देठ कापू नका, धरायला तोच लागतो.

प्रत्येक वांग्याला सुरीनं चार टोचे मारा आणि तेलाचा हात फिरवा. टोचे नसले तर आतली वाफ वांगं फोडते आणि गर राखेत जातो. जाळ कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा. कपाशीच्या काड्या भडकन पेटतात आणि लवकर बसतात, त्यामुळे वांगी घालण्याआधी दुप्पट काड्या हाताशी ठेवा. मध्येच जाळ कमी पडला तर साल सुटत नाही, आत गुठळ्या राहतात आणि भरीत कचवट लागतं.

वांगी गरम असतानाच सोलायची. पाण्याखाली धरू नका हो, धुराचा वास सगळा वाहून जातो. 150 ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि 100 ग्रॅम लसूण भाजून त्या गरासोबत लाकडी पात्रात ठेचा. मिक्सर नको, लगदा होतो. पाव किलो तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळा, त्यात कांद्याची पात परता, मग गर घाला. कोथिंबीर शेवटी. लहानांचा गर मिरचीआधीच वेगळा काढा.

यावलहून

काकू, सोबत पुऱ्या की कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ते राहिलं. संध्याकाळी तीन तास मांडी घालून बसायचं असेल तर भाकरीच बरी. भरताचं तेल आणि वर पुऱ्यांचं तेल, आजोबांना छातीत जळजळ ठरलेली.

नंदुरबार, डोंगराकडचा

काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. अक्कलकुवा, मोलगी असा घाटरस्ता आहे. पेट्रोल अक्कलकुव्यातच भरा, उजेड असताना वर पोचा. दिवसा ऊन असलं तरी पहाटे डोंगरावर गार होतं, म्हणून फाल्गुनातही चादर हवी. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्या होळीआधी कित्येक दिवस व्रत पाळून आलेले असतात. त्यांना थांबवून फोटो मागू नका, तोंडावर फ्लॅश मारू नका. मोठ्या ढोलांच्या रिंगणात लेकरू खांद्यावर घेऊन शिरू नका, रिंगण एकदम दिशा बदलतं. उंच कडेला उभं राहिलं की सगळं दिसतं.

धुळ्याच्या ताई

माइक नसलेलं गाणं हवं असेल तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतली भुलाबाई, म्हणजे मुलींची टिपऱ्यांवरची गाणी, आहे. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये टिपऱ्यांचा आवाज घुमतो आणि मुलींचे शब्द बुडतात, त्यापेक्षा गच्ची किंवा अंगण बरं. गाण्यांनंतर डबा हलवून खाऊ ओळखायचा असतो, म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खारे दाणे, लाडू हलवल्यावर वाजतात म्हणून ओळखता येतात. शिरा वाजत नाही, तिथं पोरी अडतात आणि खेळ रंगतो.

रिक्षावाला, जळगाव

कार्यक्रम सुटला की दोन-चारशे माणसं एकदम गेटवर येतात आणि रिक्षा मोजक्या. येतानाच्या रिक्षावाल्याशी परतीचं बोलून घ्या, भाडं आधी ठरवा. गेटवर बोलावू नका, गर्दीत रिक्षा वळत नाही. शंभर पावलं पुढच्या चौकात, ओळखू येईल अशा दुकानासमोर बोलवा. म्हाताऱ्या माणसाला तेवढं चालवणार नसेल तर शेवटच्या गाण्याआधी एकानं त्यांना घेऊन निघावं.