मदत हवी आहे: पहिला प्रश्न अडला की डोकंच बंद पडतं
घरी सराव करताना माझं वेळेचं गणित नीट बसतं. 180 मिनिटांच्या पेपरात शेवटी 10-12 मिनिटं उरतातही. पण परवाच्या मॉक टेस्टला पहिलाच प्रश्न अडला आणि सगळं फिसकटलं. छातीत धडधड, तळहातांना घाम, एकच वाक्य चारदा वाचूनही अर्थ लागेना. त्या एका प्रश्नावर 9 मिनिटं गेली! मग घाईघाईत अंदाजपंचे गोल रंगवले आणि निगेटिव्ह मार्किंगने उरलंसुरलंही नेलं.

श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे माहीत आहे. घरी जमतंही. पण हॉलमध्ये घड्याळ समोर असताना ते आठवतच नाही. त्यात शेजारचा भराभर पानं उलटत असतो, तो आवाज तर नकोसा होतो.

कोणी यातून गेलंय का? अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं हे कळतं, पण मन मागेच घुटमळतं, त्याचं काय करता? आणि सराव करताना मुद्दाम दडपण आणायचं असेल तर कसं आणता? परीक्षेला 3 आठवडे उरलेत. ‘टेन्शन घेऊ नकोस’ सोडून काहीही सांगा, ते घरचे रोज सांगतात.