अर्क न दिलेल्या पेशीही अ‍ॅनेक्सिनने हिरव्या का दिसतात?

द्राक्षवेल_नाशिक
हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) द्राक्षाच्या सालीचा इथेनॉलमधला अर्क २४ तास ठेवून अ‍ॅपॉप्टोसिस, म्हणजे पेशींचं ठरवून होणारं मरण, मोजायचा आहे. अ‍ॅनेक्सिन व्ही-एफआयटीसी (मरू लागलेल्या पेशींना चिकटणारं हिरवं चमकणारं प्रथिन) आणि पीआय (आवरण फाटलेल्या पेशींतच शिरणारा लाल रंग), फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं यंत्र). पण कंट्रोलमध्येच २८ टक्के पेशी हिरव्या, पीआय निगेटिव्ह. डिशला चिकटलेल्या पेशी ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएने ८ मिनिटांत काढल्या. किट भर उन्हाळ्यात कुरिअरने आलं, त्यामुळे खराब झालं असेल का?

पेट्रीडिश
किट बिघडलं तर सिग्नल पडतो, वाढत नाही. घोळ त्या ८ मिनिटांत आहे. जास्त वेळ ट्रिप्सिन राहिलं की पेशीचं आवरण दुखावतं आणि आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरिन (अ‍ॅनेक्सिन ज्याला चिकटतं तो आवरणातला मेद) अ‍ॅनेक्सिनच्या हाती लागतं. २-३ मिनिटांत थांबवा, १० टक्के सीरमचं मीडियम घाला, ३७ अंशांवर अर्धा तास विसावू द्या. जमल्यास ट्रिप्सिनऐवजी अ‍ॅक्युटेज (पेशी सोडवणारं सौम्य एन्झाइम) वापरा.

वर तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मेलेल्या बहुतेक त्यातच असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी (गुरुत्वाच्या ३०० पट) वेगाने ५ मिनिटं फिरवा, पीबीएसने (क्षारांचं बफर) दोनदा धुवा. ईडीटीए उरलं तर उलटा घोळ होतो: ते कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियमशिवाय अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही. म्हणून बाइंडिंग बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवंच. १०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख पेशी, दोन्ही रंग ५-५ मायक्रोलिटर (किटचं पत्रक एकदा बघा), अंधारात १५ मिनिटं, मग ४०० मायक्रोलिटर बफर. रंगवल्यावर धुवायचं नाही, तासाभरात वाचायचं. आणि रूम टेंपरेचर म्हणजे २०-२५ अंश, नाशिकच्या एप्रिलमधलं पंख्याखालचं ३८ नव्हे.

गोदाकाठ
वरचं सगळं बरोबर, पण मला अर्काचीच जास्त शंका आहे. सालीतले पॉलिफेनॉल मीडियममध्ये आपोआप ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी त्याने मेल्या तर श्रेय द्राक्षाला जातं! प्लेटच्या एका खळग्यात (वेल) कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, घालून बघा. मरण घटलं तर समजा. शिवाय अर्क स्वतःच चमकू शकतो, म्हणून 'अर्क आहे, रंग नाही' अशी एक नळी ठेवा. तेवढंच इथेनॉल दिलेली एक, विनारंगाची एक आणि एकेरी रंगाच्या दोन; नाहीतर कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात सांडलेली चमक वजा करणं) अंदाजपंचे होईल. पॉझिटिव्ह कंट्रोलला १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (अ‍ॅपॉप्टोसिस घडवणारं औषध), ४-६ तास.

द्राक्षवेल_नाशिक
कॅटालेजचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. हिरव्या-लाल दोन्ही असलेल्या पेशी 'लेट अ‍ॅपॉप्टोसिस' म्हणून लिहिल्या तर चालेल?

पेट्रीडिश
नाही. नेक्रोसिसमध्ये (इजेने होणारं मरण) आवरण फाटलं की अ‍ॅनेक्सिन आत शिरतं, चित्र तेच दिसतं. ४, ८, २४ तासांचे नमुने घ्या. आधी फक्त हिरव्या, मग दुहेरी असा क्रम दिसला तर लिहा. जोडीला जिवंत पेशींत चालणारा, कॅस्पेज-३/७ (अ‍ॅपॉप्टोसिस चालवणारी एन्झाइम) कापतात तो डीईव्हीडी सबस्ट्रेट घ्या. उद्या एमसीएफ-७ वर (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) गेलात तर मात्र जपून, त्यांच्यात कॅस्पेज-३ नसतं.