मदत हवी आहे: फिजिशियन की युरोलॉजिस्ट, आधी कोणाकडे जाऊ?

नाव न टाकता लिहितोय, समजून घ्या राजेहो. वय 46, राहणार नागपूर, मनीषनगरकडे. गेले चार महिने संबंधांच्या वेळी ताठरता येते, पण टिकत नाही. थकवा, ताण, दारू, झोपमोड यांनी कधीमधी असं होणं नॉर्मल, एवढं ठाऊक आहे. मीही मार्चच्या क्लोजिंगवर ढकलून मोकळा झालो होतो. पण क्लोजिंग संपलं, उन्हाळा गेला, कूलर माळ्यावर चढला, तरी तेच. पहाटेची ताठरताही आता क्वचितच, म्हणून नुसतं टेन्शन असेल असं वाटत नाही.

मागच्या वर्षीपासून बीपीची गोळी चालू आहे. काही गोळ्यांनी हा त्रास होतो म्हणतात, पण ती मनानं बंद करणार नाही. वडिलांना शुगर होती. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे अडथळा तिथे आधी जाणवू शकतो, हे वाचल्यापासून जास्तच धास्ती बसली.

परवा औषधाच्या दुकानात धीर करून गेलो, तर शेजारचे काका उभे! विक्सची डबी घेऊन परत आलो. (बरंच झालं म्हणा, बीपी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताठरतेची गोळी घ्यायला नको.) भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्यांकडे तर जाणारच नाही.

शुगर, लिपिड, सकाळचं टेस्टोस्टेरॉन आधीच तपासून न्यावं का? मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये युरोलॉजीला थेट जाता येतं की चिठ्ठी लागते? बायको म्हणते, मीही येते. कोणी जोडीनं गेलंय का?