दर्यातला गुदमरा फक्त सांडपाण्यामुळे नाही

काही जण म्हणतात की पावसाळा सरताना किनाऱ्याजवळचे मासे मरतात ते निव्वळ कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे. सांडपाण्याचा वाटा आहेच, पण दोष सगळा त्याच्यावर टाकला तर अरबी समुद्र कसा चालतो तेच नजरेआड होतं.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. हे पाणी मुळातच ऑक्सिजनला पारखं असतं. उत्तरेला जमीन आडवी आल्यामुळे या समुद्राच्या साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात ताजं पाणी फारसं खेळत नाही. त्यात पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं पसरतं. मग वरची हवा खाली पोचणार कशी?

खालून वर आलेल्या या पाण्यात नायट्रेट, म्हणजे वनस्पतींना लागणारं खत, भरपूर, म्हणून प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात. ती मरून तळाशी कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर जगतात, त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. उष्णता धरून ठेवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट. नायट्रेटही संपलं की पाळी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटची, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. गणपती-नवरात्राच्या सुमारास तळाजवळून काढलेल्या नमुन्याची बाटली उघडली तर कधी कधी सडक्या अंड्याचा भपकारा येतो, तो याचाच.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं हे मोजलंय. शेतातलं खत नदीवाटे येऊन यात भर घालतं, ती मात्र आपली करणी, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते.